नाट्यदिग्दर्शनाची दीर्घ कारकीर्द कशी घडवावी

गायकाला घरी बसून रियाज करता येतो, चित्रकार एकटा कॅनव्हाससमोर उभा राहू शकतो आणि लेखकाला तर कागदापलीकडे फारसे काही लागतच नाही. नाट्यदिग्दर्शकाला मात्र एकट्याने सराव करण्याची सोय नाही. त्याला नट लागतात, जागा लागते, तालमीचे तास लागतात आणि या सगळ्याचा खर्च उचलणारा कोणीतरी लागतो. त्यामुळे दिग्दर्शनाची कारकीर्द म्हणजे तालमीची खोली पुन्हा पुन्हा मिळवत राहण्याचा उद्योग असतो. पहिले नाटक बसवायला मिळालेल्या अनेकांना दुसरे मिळत नाही, आणि या गळतीचे कारण दर वेळी प्रतिभेचा अभाव हेच असते असे नाही. ज्यांनी तुमच्यासोबत एक नाटक केले त्यांना दुसरे करावेसे वाटले का, यावर पुढचे बरेच काही ठरते. तीस-चाळीस वर्षे व्यावसायिक रंगभूमीवर काम करू इच्छिणाऱ्याने आपला प्रत्येक निर्णय या कसोटीवर घासून पाहावा.

स्वतंत्र पेशा म्हणून दिग्दर्शन फार जुने नाही. जर्मनीतल्या माइनिंगन या छोट्या संस्थानाचा ड्यूक गेऑर्ग दुसरा याच्या नाटकमंडळीने १८७४ ते १८९० या काळात युरोपभर दौरे केले आणि संपूर्ण प्रयोग एकाच नजरेखाली बसवला तर तो कसा दिसतो, हे लोकांसमोर आणले. त्याआधी हे काम प्रमुख नट, नाटककार किंवा मंडळीचा व्यवस्थापक यांच्यापैकी कोणीतरी आपल्या परीने उरकत असे. पेशाच इतका अलीकडचा असल्यामुळे त्यात शिरण्याची एकच ठरलेली वाट नाही. कोणी अभिनयातून येतो, कोणी नेपथ्यातून, कोणी नाट्यशिक्षणाच्या संस्थेतून. तरीही निवड करण्याची मुभा असेल तर आणखी एका कार्यशाळेपेक्षा एखाद्या चालू नाटकाचे रंगमंच व्यवस्थापन किंवा सहायक दिग्दर्शन पत्करावे, असे माझे मत आहे. प्रयोगाची वही सांभाळणाऱ्याला नाटक कुठे अडते, नट कुठे थकतो आणि दिग्दर्शकाच्या कोणत्या कल्पना दहाव्या प्रयोगानंतरही तग धरतात, हे प्रयोगागणिक दिसत असते. सहायकाने तालमीत नटांइतकेच दिग्दर्शकाकडेही पाहावे, आणि तो काय बोलतो याबरोबरच तो कधी गप्प राहतो हेही टिपून ठेवावे. अनुभवी दिग्दर्शकाची निम्मी कारागिरी त्या गप्प राहण्यात असते.

नाटकाची निवड

वाचलेल्या नाटकांपैकी दहा-बारा नाटकांची एक यादी कायम जवळ असावी आणि प्रत्येकापुढे ते आपल्याला का करायचे आहे, याचे एका वाक्यातले कारण लिहिलेले असावे. ही यादी दर वर्षी पुन्हा वाचावी. ज्या नाटकाचे कारण वाचताना आता काहीच वाटत नाही ते काढून टाकावे. निर्माता किंवा नाट्यसंस्था भेटल्यावर पहिला प्रश्न “पुढे काय करणार आहात?” असाच असतो आणि त्याला तीन वेगवेगळ्या आकारमानांची उत्तरे तयार हवीत : दोन-तीन पात्रांचे, एका नेपथ्यावर चालणारे नाटक, मध्यम आकाराचे नाटक, आणि मोठा ताफा व मोठा खर्च मागणारे नाटक. ज्याच्याकडे केवळ तिसरे उत्तर असते त्याला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते.

आपण न निवडलेली नाटकेही पोटासाठी करावी लागतात आणि त्यात कमीपणा नाही. अशी संहिता हाती आल्यावर ती दोनदा वाचावी आणि जो प्रसंग बसवताना आपल्याला रात्री झोप लागणार नाही असा निदान एक प्रसंग तिच्यात सापडतो का, ते पाहावे. सापडला तर तिथून काम सुरू करावे. नाही सापडला तर नकार द्यावा, आणि तो पहिल्या आठवड्यातच द्यावा. उशिरा दिलेला नकार लोक विसरत नाहीत. नाटककाराची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी, भाषांतर असेल तर भाषांतरकाराचीही, आणि काटछाट करायची असेल तर त्याबद्दलची स्पष्ट मान्यता तालमी सुरू होण्यापूर्वी हातात असली पाहिजे.

तयारी किती करावी आणि किती लपवावी

१८९८ च्या उन्हाळ्यात रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की मॉस्कोपासून दूर राहून चेखॉव्हच्या ‘सीगल’चा तपशीलवार आराखडा लिहीत होता आणि लिहून झालेला भाग आपला सहकारी नेमिरोविच-दानचेन्को याच्याकडे पाठवत होता, नेमिरोविच त्यानुसार नटांकडून तालमी करून घेत होता. कोणी कुठे बसावे, कुठे थांबावे, बाहेरून कोणता आवाज यावा, हे सारे त्यात आधीच ठरवलेले होते. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात याच स्तानिस्लाव्स्कीने कामाची रीत उलटी केली : नटांनी संवाद पाठ करण्याआधीच प्रसंग स्वतःच्या शब्दांत, उत्स्फूर्तपणे करून पाहावा आणि त्या कृतींमधून नाटकाची उकल व्हावी, असा आग्रह तो धरू लागला. इंग्लिश दिग्दर्शक पीटर ब्रुकची गोष्टही अशीच आहे. १९४६ साली स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचे नाटक बसवायला मिळाले तेव्हा त्याने नुकतीच विशी ओलांडली होती. नेपथ्याच्या छोट्या प्रतिकृतीवर पुठ्ठ्याचे तुकडे हलवून त्याने गर्दीच्या प्रसंगातल्या हालचाली आखल्या आणि त्यांची जाडजूड वही घेऊन तो पहिल्या तालमीला गेला. प्रत्यक्षातले नट चालू लागले तेव्हा कोणी भरभर चालले, कोणी रेंगाळले, कोणी मध्येच थबकले. पुठ्ठ्याच्या तुकड्यांसारखे कोणीच वागेना. अखेर वही बाजूला ठेवून तो समोरच्या माणसांकडे पाहू लागला.

या दोन उदाहरणांवरून तयारी करूच नये असा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात, पण तो आळशीपणाचा अर्थ आहे. ब्रुकला वही बाजूला ठेवता आली, कारण तिच्यामुळे नाटक त्याच्या अंगात भिनलेले होते. तयारी कसून करावी, मात्र ती नटांवर लादू नये. व्यवहारात मला उपयोगी वाटणारी रीत अशी : प्रत्येक प्रवेशासाठी एकच वाक्य लिहावे, आणि त्या वाक्यात प्रवेशाच्या सुरुवातीला जे होते त्यातले शेवटी काय बदलले, एवढेच असावे. बदल सापडत नसेल तर तो प्रवेश आपल्याला अजून समजलेला नाही, किंवा तो कापण्याजोगा आहे. त्याच्या शेजारी दोन याद्या कराव्यात. एकीत संहितेत स्पष्ट सांगितलेल्या गोष्टी, दुसरीत संहितेने उघड्या ठेवलेल्या प्रश्नांची नोंद. पहिल्या आठवड्यात टेबलाभोवती बसून वाचन चालते तेव्हा ही दुसरी यादी नटांपुढे ठेवावी, पण तिची उत्तरे आपल्याजवळच राहू द्यावीत.

तालमीचे गणित

व्यावसायिक कामात तालमींना चार आठवडे मिळाले, आठवड्यातले सहा दिवस आणि दिवसाचे सहा तास काम झाले, तर एकूण १४४ तास होतात. शेवटचा आठवडा सलग तालमी, तांत्रिक तालीम आणि रंगीत तालीम यांत जातो, म्हणजे उरले १०८ तास. नाटक दोन तासांचे असेल तर त्याच्या प्रत्येक मिनिटाच्या वाट्याला ५४ मिनिटे येतात. वाचन, नटांची अनुपस्थिती आणि चर्चा वजा केल्यावर तीही राहत नाहीत. हा हिशेब पहिल्या दिवशीच मांडला तर वेळापत्रक उलट्या दिशेने, म्हणजे शुभारंभाच्या तारखेपासून मागे मागे येत आखावे लागते, हे आपोआप लक्षात येते. नवख्या दिग्दर्शकांच्या नाटकांत पहिला अंक घोटून घोटून गुळगुळीत झालेला आणि शेवटचा अंक कच्चा राहिलेला दिसतो, तो पुढच्या दिशेने आखल्यामुळे. पहिली सलग तालीम उपलब्ध काळाच्या मध्यावर, नाटक कितीही विस्कळीत असले तरी, झालीच पाहिजे. ती पाहवत नाही. पण कुठे किती वेळ खर्चायचा हे त्या तालमीइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

नटांना लागेल त्याच वेळेला बोलवावे. तीन तास कोपऱ्यात बसून एका ओळीची तालीम करून घरी गेलेला नट पुढच्या नाटकाला होकार देताना ती दुपार आठवतो. वेळेवर सुरुवात करणे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वेळेवर संपवणे, ही दोन पथ्ये पाळणाऱ्या दिग्दर्शकाला उत्तम नट कमी मोबदल्यातही मिळतात.

सूचना देण्याची कला सर्वात शेवटी येते आणि सर्वात जास्त परिणाम करते. सलग तालमीच्या वेळी मनात येईल ते लिहावे, मात्र तालीम संपल्यावर दहा मिनिटे एकट्याने बसून त्या सूचनांची वाटणी करावी : काही रंगमंच व्यवस्थापकाच्या असतात, काही एकाच नटाला बाजूला घेऊन सांगायच्या असतात, काही सर्वांसाठी असतात, आणि बऱ्याचशा उद्या आपोआप सुटणाऱ्या असतात, त्या खोडून टाकाव्यात. सूचना शक्यतो कृतीच्या भाषेत असावी. समजा, नायिका “मी येणार नाही” असे म्हणता म्हणता टेबलावरचे पत्र उचलते आणि वाक्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही. “जोर कमी पडतो आहे” असे सांगितले की ती आवाज चढवते, आणि प्रसंग आणखी बिघडतो. खरी अडचण अशी असते की वाक्याच्या ऐन क्षणी प्रेक्षकांची नजर तिच्या हाताकडे, पत्राकडे गेलेली असते. “आधी वाक्य संपवा, मग पत्र उचला,” एवढे सांगितले तरी पुरते, आणि नटीला आपल्या अभिनयावर शेरा मारला गेल्यासारखेही वाटत नाही. स्वतः करून दाखवण्याबद्दल मते भिन्न आहेत. करून दाखवले की नट आशय सोडून आपली लकब उचलतो, म्हणून तो शेवटचा उपाय ठेवावा. शुभारंभाच्या आदल्या दोन दिवसांत तर ज्या सूचना नटाला त्याच संध्याकाळी अमलात आणता येतील तेवढ्याच द्याव्यात, बाकीच्या खिशात ठेवाव्यात.

नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार यांना आपले निर्णय पक्के होण्याआधी भेटावे. निर्णय झाल्यावर भेटलेला कलाकार नुसता अंमलबजावणी करतो, आणि त्याच्या डोक्याचा आपल्याला फायदा होत नाही. नाट्यगृहात नेपथ्य लागल्याबरोबर पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या आणि सर्वात मागच्या रांगेच्या खुर्च्यांवर बसून यावे. मधल्या रांगेतून सगळीच नाटके चांगली दिसतात. तांत्रिक तालमीचा दिवस प्रकाश, ध्वनी आणि रंगमंच व्यवस्थापक यांचा असतो. त्या दिवशी एकाच क्यूसाठी, म्हणजे प्रकाश किंवा ध्वनी बदलण्याच्या ठरलेल्या इशाऱ्यासाठी, काळोख होईपर्यंतचा क्षण सात-आठ वेळा करावा लागतो, नट अवघडून उभे असतात, आणि अशा वेळी दिग्दर्शकाने अभिनयाबद्दल चकार शब्द काढू नये.

शुभारंभानंतर

अनेक दिग्दर्शकांचा रस पहिल्या प्रयोगाबरोबर संपतो, आणि त्यांची नाटके हळूहळू सैल पडतात. रंगमंच व्यवस्थापकाला प्रत्येक अंकाची वेळ लिहून ठेवायला सांगावे. ६२ मिनिटांचा अंक काही आठवड्यांनी ६७ मिनिटांचा झाला असेल तर ती पाच मिनिटे हशांसाठी घेतलेल्या थांब्यांत आणि भावुक विरामांत मुरलेली असतात. प्रयोगाला अधूनमधून, शक्यतो न कळवता जावे आणि एका खेपेला दोन-तीन गोष्टींपेक्षा अधिक दुरुस्त करू नयेत.

नाटक दीर्घकाळ चालले की बदली नट येतातच, आणि दिग्दर्शकाच्या वहीची खरी परीक्षा तेव्हा होते. व्यवस्थापकाच्या वहीत “दाराशी थांबते” एवढीच नोंद असते. नवी नटी दाराशी थांबते, मनात दोन मोजते आणि निघून जाते. हालचाल बिनचूक आणि प्रसंग मात्र मेलेला. मूळ नटी थांबत होती, कारण आतून हाक येईल असे तिला वाटत होते आणि ती आली नाही. ही कारणे फक्त तालमीत उपस्थित असलेल्यांना ठाऊक असतात, म्हणून ती दिग्दर्शकाने त्या त्या दिवशी स्वतःच्या वहीत उतरवून ठेवावीत. १९४९ साली स्थापन झालेल्या बर्लिनर आन्सांबल या नाटकमंडळीत जर्मन नाटककार-दिग्दर्शक ब्रेश्ट आणि त्याचे सहकारी प्रयोगांची छायाचित्रे व टिपणे एकत्र करून नमुनावह्या तयार करीत. तेवढा व्याप झेपला नाही तरी प्रत्येक प्रवेशाची चार-पाच छायाचित्रे आणि त्यांखाली कारणांच्या ओळी एवढे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. पाच वर्षांनी नाटक पुन्हा उभे करण्याचा प्रस्ताव आला तर आधीच्या मेहनतीचा मोबदला तिथे मिळतो.

पैसा, करार आणि कामाची घडी

मानधन टप्प्यांत घ्यावे : एक भाग करारावर सही करताना, एक तालमीच्या पहिल्या दिवशी आणि उरलेला शुभारंभापर्यंत. त्याखेरीज प्रयोगागणिक किंवा तिकीटविक्रीच्या टक्केवारीने रॉयल्टी मिळावी, नाटक अन्य नाट्यगृहात किंवा शहरात नव्याने उभे राहणार असेल तर पहिली विचारणा आपल्याला व्हावी, आणि आपल्या संमतीविना बसवणीत बदल होऊ नयेत, ही कलमे करारात असावीत. अमेरिकेत दिग्दर्शक आणि नृत्यदिग्दर्शकांनी १९५९ साली आपली संघटना उभारली, ती अशाच बाबींसाठी. जिथे संघटना नाही तिथे एका पानाचे साधे पत्र, दोघांच्या सह्यांसह, पुष्कळ भांडणे टाळते. मानधनाचा विचार करताना तालमींचे आठवडे मोजू नयेत. वाचन, नटांची निवड, नेपथ्याच्या बैठका आणि शुभारंभानंतरची देखरेख धरली तर एक नाटक तीन-चार महिने खाते, आणि रकमेला त्या महिन्यांनी भागावे. येणारा आकडा बहुतेकांना दुसरे उत्पन्न शोधायला लावतो. अध्यापन, आवाजाचे काम, संगीतिका किंवा कार्यक्रमांचे दिग्दर्शन यांपैकी काहीही चालेल, फक्त ते काम तालमीच्या काळात बाजूला ठेवता आले पाहिजे. महिन्याला चांगली रक्कम देणारे पण रोजची संध्याकाळ बांधून टाकणारे काम दिग्दर्शकाला दोन-तीन वर्षांत रंगभूमीबाहेर नेते.

स्वतःचा संच उभारावा की निर्मात्यांकडे मोकळेपणाने काम करावे, याचे एकच उत्तर नाही. फ्रेंच दिग्दर्शिका आरियान म्नूश्किन हिने १९६४ साली तेआत्र द्यू सोलेई ही नाटकमंडळी सहकाऱ्यांसह स्थापन केली, १९७० पासून ही मंडळी पॅरिसजवळच्या काडतुसांच्या जुन्या कारखान्यात काम करू लागली आणि सर्वांना समान वेतन ही त्यांची ओळख बनली. हबीब तन्वीर यांनी १९५९ साली सुरू केलेले नया थिएटर त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे अर्धशतक, त्यांचे घर राहिले. इटालियन दिग्दर्शक युजेनियो बार्बाच्या ओडिन तेआत्रेत या मंडळीमध्ये काही नट दशकानुदशके त्याच्याबरोबर टिकले. संच असला की तालमीची खोली आपली असते. मात्र भाडे, वीज, दौरे, अनुदानाचे अर्ज आणि माणसांचे रुसवेफुगवे हेही आपलेच असतात. ज्याला हिशेबाच्या वहीचा तिटकारा आहे त्याने एक भरवशाचा व्यवस्थापक मिळेपर्यंत संच काढू नये.

नाटक पडले तर पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात : सर्वांची देणी चुकती करावीत आणि प्रत्येक सहकाऱ्याला स्वतः फोन करावा. समीक्षकांना उत्तर लिहू नये. पुढचे काम लहान घ्यावे आणि लवकर घ्यावे.

पंधरा-वीस वर्षांनी वेगळी अडचण येते. आपल्याला जमणाऱ्या गोष्टींची मागणी वाढते, निर्माते तेच पुन्हा मागतात आणि नट आपल्याला काय आवडते हे ओळखून तसेच करू लागतात. अशा वेळी मुद्दाम अपरिचित अट स्वीकारावी : नेपथ्याविना नाटक, अनोळखी भाषेतले नट, मुलांसाठीचे काम, किंवा नाट्यगृहाबाहेरची जागा. ब्रुकने मोठ्या नाट्यगृहांत नाव मिळवल्यावर १९७० मध्ये पॅरिसला निरनिराळ्या देशांतल्या नटांचे संशोधनकेंद्र उभारले आणि १९७४ मध्ये बूफ द्यू नोर हे मोडकळीला आलेले नाट्यगृह पुन्हा उघडले; पुढे त्याची सूत्रे इतरांकडे सोपवूनही तो नाटके बसवत राहिला. इब्राहिम अल्काझी यांनी १९६२ ते १९७७ राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची धुरा वाहिल्यानंतर बराच काळ चित्रकलेच्या क्षेत्रात घालवला आणि नव्वदच्या दशकात ते पुन्हा तालमीकडे वळले. मध्ये खंड पडला म्हणून कारकीर्द तुटत नाही, मात्र त्या काळात इतरांची नाटके पाहणे आणि तरुण नटांची ओळख ठेवणे सुटता कामा नये.

शरीराचीही काळजी घ्यावी लागते. अंधारात तासन्‌तास बसून पाठ धरते, तालमीत ओरडून घसा बसतो, आणि वयाबरोबर मागच्या रांगेतून शब्द ऐकू येईनासे झाले की दिग्दर्शक नकळत नटांना मोठ्याने बोलायला लावतो. पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी कानांची तपासणी करून घ्यावी.

प्रत्येक नाटकाला एक सहायक ठेवावा आणि त्याला खरे काम द्यावे : बदली नटांच्या तालमी, दौऱ्यावरील नाट्यगृहांत प्रकाश बसवणे, एखादा गर्दीचा प्रवेश स्वतंत्रपणे उभा करणे. आपल्या अनुपस्थितीत आणि आपल्यानंतर नाटकाची पुनर्बांधणी कोणी करावी, त्याला मानधनाचा किती हिस्सा मिळावा आणि वह्या, छायाचित्रे व नेपथ्याचे आराखडे कोणाच्या ताब्यात राहावेत, हे प्रकृती ठणठणीत असतानाच लिहून निर्मात्याकडे आणि त्या सहायकाकडे एकेक प्रत देऊन ठेवावी.